डोंगरवाटांवरील शिळा आणि त्यांची नावे

(१)

सह्याद्रीच्या घाटवाटांनी हौसेने पायी हिंडणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढली आहे. ह्या मंडळींना वाटेत अनपेक्षितपणे काही वस्तू आढळतात. कोठे झाडीत अर्धवट पुरलेली, माणसांच्या आकृती कोरलेली शिळा असते, कोठे कड्याच्या पोटात खोदलेले पाण्याचे टाके, तर कोठे अक्षरांच्या ओळींनी भरलेली भिंत. पाहणाऱ्याला नवल वाटते, तो छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. आपण प्रथमच हे पाहिले अशी त्याची समजूत असते. जवळच्या वाडीतील माणसांना ती वस्तू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते आणि बहुधा तिला त्यांनी नावही दिलेले असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या वस्तू व त्यांची नावे यांचा संबंध हा आहे. पुराणवस्तूंचे वर्णन करणे हे पुरातत्त्वज्ञांचे काम. तथापि वस्तूबरोबर तिचे नावही जमिनीतून वर आलेले असते, आणि नावाची परीक्षा करणे भाषाभ्यासकाचे कर्तव्य आहे. नाव कधी वस्तूच्या इतिहासाला पुष्टी देते, कधी त्याविषयी दिशाभूल करते. ह्या दोहोंची उदाहरणे पुढे घेतली आहेत. आकस्मिक शोधात नेमके काय हाती लागते आणि काय हातचे जाते, ह्याचा विचार शेवटी केला आहे.

(२)

पहिले उदाहरण नाणेघाटाचे. जुन्नरच्या पठारावरून कोकणात उतरणारी ही वाट जीवधन किल्ल्याच्या शेजारून जाते. घाटमाथ्याशी खडकात खोदलेली एक मोठी गुहा आहे. तिच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखाच्या वीस ओळी आहेत. मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्यापैकी पावलांच्या व वस्त्रांच्या खुणांपलीकडे फारसे काही शिल्लक नाही. वरची नावे मात्र वाचता येतात: ‘राया सिमुक सातवाहनो’, ‘देवि नायनिका’, ‘सिरि सातकनि’, ‘महारठि त्रनकयिरो’, ‘कुमारो हकुसिरि’. चेहरे गेले आणि नावे उरली, हे वस्तूंच्या बाबतीत नेहमी घडत नाही.

कर्नल साइक्स ह्याने केलेली ह्या परिसरातील लेखांची नक्कल १८३७ साली प्रसिद्ध झाली. अशोकाच्या ब्राह्मी लेखांचा उलगडा प्रिन्सेपने केला तोही ह्याच सुमारास. म्हणजे लेखाची नक्कल झाली तेव्हा तो वाचण्याचे साधन नुकतेच हाती येऊ लागले होते. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ह्या लेखातील अंकचिन्हांचा अभ्यास केला व ब्यूह्‌लरने १८८३ साली संपूर्ण लेखाचे संपादन केले. लेखात अश्वमेध, राजसूय, गवामयन इत्यादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या संख्या अंकचिन्हांनी दिल्या आहेत. हे अंक स्थानमूल्याचे नव्हेत. शंभराला व हजाराला स्वतंत्र चिन्हे असून त्यांना लहान अंकाचे चिन्ह जोडून पुढील संख्या बनविली जाते. सतराशे गाई लिहावयाच्या तर हजाराचे चिन्ह व त्यापुढे सातशेचे जोडचिन्ह. भारतीय अंकांच्या इतिहासात ह्या भिंतीला महत्त्व आहे ते यामुळे. वैदिक यज्ञांचे वर्णन असूनही लेखाची भाषा प्राकृत आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घाटात शिरणाऱ्याचे लक्ष मात्र प्रथम वेधून घेतो तो दगडी रांजण. जकातीची नाणी ह्यात टाकीत, म्हणून हा नाणेघाट, असे सर्वत्र सांगितले जाते. ही हकीकत आकर्षक आहे. तिच्या मागे पुरावा किती? प्रथम हे पाहावे की, लेखात जकातीचा उल्लेख नाही. दुसरे असे की, लेखात नाण्यासाठी आलेला शब्द ‘काहापण’, म्हणजे कार्षापण, हा आहे. ‘नाणे’ हा नाही. मराठी ‘नाणे’ हा शब्द ‘नाणक’ ह्यापासून आला, आणि ‘नाणक’ ह्याचा संबंध कुषाण नाण्यांवरील ‘नना’ ह्या देवतेच्या नावाशी पुष्कळ अभ्यासकांनी जोडला आहे. ही व्युत्पत्ती मान्य केल्यास तो शब्द ह्या लेखाच्या नंतरचा ठरतो, कारण लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. तिसरे, इंग्रजी कागदपत्रांत ह्या घाटाचे नाव ‘नाना घाट’ असे येते व शेजारच्या सुळक्याला आजही ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. तेव्हा ‘नाणे’ हे मूळ रूप, की ‘नाना’ ह्या नावाचा नंतर लावलेला अर्थ, हा प्रश्न केवळ नावावरून सुटत नाही.

ह्याचा अर्थ ह्या वाटेवर जकात घेतली जात नव्हती असा करू नये. इतका मोठा व्यापारी मार्ग, माथ्यावर राजकुलाची गुहा, पाण्याची टाकी, हे सर्व पाहता येथे राज्याचे काही ठाणे असणे स्वाभाविक आहे. तथापि ते अनुमान मार्गाच्या भूगोलावरून करावे. नावावरून करू नये. नावाने वस्तूचे स्पष्टीकरण करावयाचे आणि मग त्याच वस्तूने नाव सिद्ध करावयाचे, हा वर्तुळाकार युक्तिवाद होतो. घाटवाटांच्या लोकप्रिय वर्णनांत तो वारंवार आढळतो.

(३)

दुसरे उदाहरण वीरगळाचे. गावाच्या शिवेवर, देवळाच्या आवारात किंवा जुन्या वाटेच्या कडेला उभी किंवा आडवी पडलेली ही शिळा महाराष्ट्रात फार ठिकाणी आढळते. तिची रचना ठरावीक असते. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. कधी त्याच्याजवळ गाई दाखविलेल्या असतात, म्हणजे गोधन सोडविताना तो मेला. त्यावरील चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर पुष्कळदा कलश असतो. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यामध्ये इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक तिचा संबंध लावतात.

कर्नाटकातील वीरगळांवर लेख विपुल आहेत; महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मुके आहेत. म्हणूनच त्यांच्या नावाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ‘वीरगळ’ ह्यातील ‘गळ’ म्हणजे दगड. मूळ कन्नड ‘कल्’. समासात उत्तरपदाच्या आरंभीचा ‘क’ मृदू होऊन ‘वीरगल्’, ‘वीरगल्लु’ ही रूपे होतात. येथे एक ध्वनिविषयक बारकावा पाहण्यासारखा आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो, जसे ‘फल’ ह्याचे ‘फळ’. जोड ‘ल्ल’ मात्र ‘ल’ म्हणून टिकतो. ‘वीरगल्लु’ हे जोड ‘ल्ल’ असलेले रूप मराठीत आले असते, तर ‘वीरगल’ असे रूप अपेक्षित होते. ‘ळ’ आढळतो ह्यावरून शब्द ‘वीरगल्’ ह्या एकेरी लकारान्त रूपावरून आला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. हे अनुमान एका शब्दावर आधारलेले असल्याने त्यावर फार भार देता येणार नाही. परंतु शिळा उभारण्याची प्रथा आणि तिचे नाव ही दोन्ही एकाच दिशेने, दक्षिणेकडून आली, एवढे त्यावरून सुचते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. ‘वीरगळ’ हे नाव ग्रंथांतून सर्वपरिचित झाले असले, तरी प्रत्येक गावात ते चालत असेलच असे नाही. कोठे ती शिळा नुसता ‘वीर’ असते. तिला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. मेलेला योद्धा विस्मृतीत गेला आणि त्याच्या जागी ग्रामदैवत उभे राहिले. अशा ठिकाणी आलेला हौशी प्रवासी गावकऱ्यांना सांगतो, ‘हा देव नव्हे, हा वीरगळ आहे.’ त्याचे विधान शास्त्रदृष्ट्या बरोबर असते. त्याबरोबर एक स्थानिक नाव मात्र पुसले जाण्यास आरंभ होतो. दहा वर्षांनी त्याच गावातील शाळकरी मुलगा ‘वीरगळ’ हाच शब्द सांगतो, आणि पूर्वी येथे काय म्हणत हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

(४)

तिसरे उदाहरण गद्धेगाळाचे. ही दानशिळा होय. वर चंद्रसूर्य, म्हणजे दान आचंद्रार्क चालावे. मधल्या भागात कधी लेख. खाली गाढव व स्त्री यांचे ओंगळ चित्र. दान मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी आहे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून ती कोरली आहे. उत्तर कोकणातील शिलाहारांच्या प्रदेशात अशा शिळा विशेष आढळतात.

ह्या नावातील ‘गाळ’ म्हणजे काय? ‘वीरगळ’ ह्याच्या साम्यावरून तोही दगडच, असे काही जण मानतात व ‘गधेगळ’ असे लिहितात. मला हे मत पटत नाही. ‘वीरगळ’ ह्यात ‘ग’ ऱ्हस्व आहे. येथे ‘गा’ दीर्घ आहे. शिवी ह्या अर्थी ‘गालि’ हा शब्द संस्कृतात आहे. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्याच्या एकेरी ‘ल’ चा ‘ळ’ होऊन ‘गाळ’ मिळतो, आणि ‘शिवीगाळ’ ह्या आजच्या जोडशब्दात तो जिवंत आहे. अर्थही जुळतो, कारण ह्या शिळेचे वैशिष्ट्य तिचा दगड नसून तिच्यावरील शाप आहे. ‘गधेगळ’ हे रूप ‘वीरगळ’च्या सादृश्याने पुढे झाले असावे. दोन निराळे शब्द दिसण्यात सारखे झाले की लोक त्यांना एका कुळात घालतात, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

मराठी भाषेच्या इतिहासात ह्या शिळांना जे स्थान आहे ते त्यांच्या ओंगळपणामुळेच प्राप्त झाले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. परळ येथील अपरादित्याच्या, शके ११०८ च्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शाप मात्र मराठीत आहे. दान कोणी, कोणाला, कोणत्या तिथीला दिले हे राजदरबाराने व ब्राह्मणांनी वाचावे. ते मोडू नये हे मात्र शेतावर व शिवेवर वावरणाऱ्या माणसाला कळले पाहिजे. ‘शासन लोपी’, म्हणजे जो कोणी शासन मोडील, अशी भविष्याची धमकी देताना लेखकाला लोकभाषेचा आश्रय करावा लागला. राजाज्ञेच्या दगडावर मराठी आली ती भयाच्या वाटेने आली.

अलिबागजवळील आक्षी येथील गद्धेगाळ तर मुख्यतः लोकभाषेत आहे. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) ह्या ग्रंथाने तो अभ्यासकांना सुलभ झाला. त्यातील काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा सामान्यतः वाचला जातो व म्हणून मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. त्यात ‘सकु संवतु’ अशी उकारान्त रूपे आहेत. नाणेघाटातील ‘कुमारो’, ‘सातवाहनो’ ही ओकारान्त रूपे आठवावीत. प्राकृतातील प्रथमेच्या ‘ओ’चा ‘उ’ झाला आणि आजच्या मराठीत तो ‘उ’ही गळून ‘शक’, ‘देव’ अशी रूपे राहिली. घाटमाथ्यावरील गुहेपासून समुद्रकाठच्या शिळेपर्यंतचे अंतर पायी दोन-चार दिवसांचे. ह्या एका प्रत्ययाला ते चालण्यास सुमारे हजार वर्षे लागली.

(५)

येथे एक वैयक्तिक चूक नमूद करणे मला अवश्य वाटते. संशोधनाच्या आरंभीच्या वर्षांत एका गावाच्या शिवेवर मला अशीच एक झिजलेली शिळा आढळली. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून मी ती खडूने भरली आणि छायाचित्र घेतले. एका शब्दाच्या शेवटी मला उकार दिसला. जुने रूप मिळाले ह्या आनंदात मी ते टिपून ठेवले व मित्रांना दाखविलेही. पुढील वर्षी तेथे पुन्हा जाऊन ओल्या कागदाचा ठसा घेतला, तेव्हा तो उकार म्हणजे दगडाचा उडालेला टवका ठरला. खडूची रेघ मी ओढली होती; शिलालेखाने नव्हे. मला जे हवे होते ते मी दगडावर लिहिले आणि मग वाचले.

ह्या चुकीची नोंद घेण्याचे कारण असे की, अक्षरांत खडू किंवा कोळसा भरण्याची, शिळा तारेच्या ब्रशाने घासण्याची पद्धत आजही हौशी मंडळींत चालू आहे. हेतू चांगला असतो. परंतु खडूने भरलेली अक्षरे ही वाचन झाल्यानंतरची अक्षरे असतात. त्यांच्या छायाचित्रावरून दुसऱ्या अभ्यासकाला पहिल्याचे वाचन तपासता येत नाही, केवळ त्याची री ओढता येते. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा सायंकाळी, हात न लावता घेतलेले छायाचित्र कितीतरी अधिक विश्वसनीय होय.

(६)

आकस्मिक शोधाचे पहिले काही तास किती निर्णायक असतात, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण युरोपातील आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर, एका जर्मन दाम्पत्याला बर्फातून वर आलेले प्रेत दिसले. अलीकडे मेलेला कोणी गिर्यारोहक असावा, अशी सर्वांची समजूत झाली. त्या समजुतीनेच प्रेत बाहेर काढण्याचा पहिला प्रयत्न झाला आणि यांत्रिक छिन्नीने त्याच्या डाव्या कमरेला इजा झाली. चार दिवसांनी ते खाली आणल्यानंतर शेजारच्या तांब्याच्या कुऱ्हाडीवरून त्याचे प्राचीनत्व ध्यानात आले. तो मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा होता. त्याच्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोक दिसले ते २००१ साली, म्हणजे शोधानंतर दहा वर्षांनी. पहिले नाव चुकले, म्हणून पहिली वागणूकही चुकली. ‘गिर्यारोहक’ हा शब्द उच्चारला गेला आणि त्याला साजेशी हत्यारे आणली गेली.

आपल्याकडील कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांची हकीकत ह्याच्या उलट आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजे ह्या तालुक्यांतील जांभ्याच्या पठारांवर माणसे, हत्ती, वाघ, मासे व अनेक अनाकलनीय आकृती कोरलेल्या आहेत. गुरे घेऊन जाणाऱ्यांची वाट कित्येकदा त्यांच्यावरूनच जाते. अलीकडच्या काळात त्यांची पद्धतशीर नोंद झाली ती गुराख्यांना व वृद्धांना विचारीत हिंडल्याने. गोव्यातील कुशावती नदीकाठच्या उसगाळीमळ येथील शिल्पांची माहितीही १९९३ साली अभ्यासकांना स्थानिकांकडूनच मिळाली. २०२२ साली ह्या शिल्पस्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. येथे शोधाचे साधन प्रश्न हे होते, आणि प्रश्न विचारण्यासाठी ‘सडा’, ‘कातळ’ हे गावचे शब्द ठाऊक असणे अवश्य होते. ‘येथे कोठे प्रागैतिहासिक शिल्पे आहेत काय?’ असे विचारले असते, तर ‘नाहीत’ हेच उत्तर आले असते.

(७)

वरील विवेचनावरून काढावयाचा निष्कर्ष मर्यादित आहे. वाटेवर आढळलेल्या वस्तूला तीन नावे असू शकतात: ती घडविणाऱ्यांनी दिलेले, आसपासच्या लोकांनी दिलेले आणि अभ्यासकांनी दिलेले. पहिले बहुधा नष्ट झालेले असते. नाणेघाटातल्यासारखे ते दगडावर टिकणे विरळा. तिसरे ग्रंथात सुरक्षित असते. धोका आहे तो दुसऱ्याला. ते केवळ तोंडी असते आणि आपल्या हातून, ज्ञान देण्याच्या भरात, ते सहज पुसले जाते. नाणेघाटात आपण पाहिले की असे नाव फसवेही असू शकते. पण फसवे आहे हे ठरविण्यासाठीसुद्धा ते प्रथम नोंदलेले असावे लागते.

म्हणून सुट्टीत डोंगरात जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते ते इतकेच. शिळा आढळल्यास ती हलवू नये, उभी करू नये, घासू नये, तीत खडू भरू नये. ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे, वाटेपासून, पाण्यापासून, शिवेपासून किती अंतरावर आहे, हे लिहून घ्यावे. शिवेवरचा दगड देवळात आणला की शिळा वाचते, पण शीव हरवते. त्यानंतर जवळच्या घरी जावे आणि आपण होऊन कोणतेही नाव न सुचविता विचारावे, ‘ह्याला तुम्ही काय म्हणता?’ जे उत्तर मिळेल ते सांगणाऱ्याच्या उच्चारात, शुद्धलेखनाचा संस्कार न करता, टिपून घ्यावे. अर्थ विचारावा, तो विसंगत वाटला तरी लिहावा. व्युत्पत्ती नंतर, घरी बसून करता येते. उत्तर देणारा वृद्ध मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत असेल, ह्याची हमी देता येत नाही.